दिव्याची कमाई, दिव्याचा खर्च



गॅसचं लायटर रोज आपल्या हातात असतं. त्यात कधी सेल घातलाय का? बटण दाबलं की आतली छोटी हातोडी एका खास खड्यावर आपटते आणि त्या दाबातूनच ठिणगीपुरती वीज होते. खड्यांचा हा गुण फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. सायकलचा डायनॅमोही तसाच, चाक फिरलं की दिवा. वस्तूनं आपली वीज आपणच मिळवायची, हे आपल्याला नवं नाही. सोलर दिवा त्यातलाच. फक्त लायटरला एक ठिणगी पुरते, दिव्याला रात्र काढायची असते.

धानाच्या बांधीवर रात्री पाणी पाहायला जायचं तर पायाखाली उजेड हवाच. पण स्वस्तातला सोलर दिवा पुष्कळदा एका पावसाळ्यात बसतो. म्हणून गटाच्या पैशातून दिवे घ्यायचे किंवा जोडायचे असतील, तर आधी हिशेब करा. हिशेब बचत गटाचाच आहे. पॅनेल म्हणजे कमाई, बॅटरी म्हणजे पेटी, बल्ब म्हणजे खर्च.

एक वॉटच्या पॅनेलला दिवसात चार तास चांगलं ऊन मिळालं, तर कमाई चार वॉट-तास. त्यातला एखादा वाटेत वाया जातो, पेटीत तीन पडतात. अर्ध्या वॉटचा एलईडी त्यावर सहा तास चालेल. आता दुकानदार म्हणतो, “ताई, यावर मोबाइलही चार्ज होतो.” पाच हजार एमएएचच्या मोबाइलला साधारण १९ वॉट-तास लागतात. म्हणजे सहा-सात दिवसांची कमाई, तीही घर अंधारात ठेवून! अशी सोय नसलेला दिवाच बरा.

श्रावणात ढग दाटले की कमाई पाव हिश्श्यावर येते, कधी त्याहूनही खाली. म्हणून पेटीत निदान दोन रात्रींची शिल्लक मावली पाहिजे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून थोडं तिरपं लावा. त्याच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी साऱ्या पॅनेलची कमाई घटते. मळणीच्या दिवसांत धुळीचा थर बसतो, तो ओल्या फडक्यानं पुसा.

बायकांना हे जमेल का, असं कोणी विचारलं तर त्यांना सांगा. मुंबईच्या आयआयटीनं २०१४ मध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशात मुलांसाठी दहा लाख सोलर अभ्यास-दिव्यांचं काम हाती घेतलं. मुलानं १२० रुपये द्यायचे. सुटे भाग गावाकडे नेऊन तिथल्याच लोकांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. त्यांत बचत गटांच्या बायका होत्या. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी तर पुढे पॅनेलचा कारखानाच उभा केला.

मला त्यातलं दुरुस्तीचं शिक्षण सगळ्यांत मोलाचं वाटतं. जोडणी एकदाच होते, बॅटरी मात्र काही वर्षांनी थकतेच. म्हणून दिवा स्क्रूनं उघडतो की डिंकानं चिकटवलाय, ते पाहा. चिकटवलेला असेल तर घेऊ नका. थकलेली बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, ती फुटते.

आणि वीस दिवे एकदम घेऊ नका. आधी एकच आणा. दिवसभर उन्हात ठेवा, संध्याकाळी लावा, किती वाजता विझला ते गटाच्या वहीत लिहा. ढगाळ दिवसाचीही एक नोंद घ्या. मग बैठकीत वही उघडून बाकीच्या एकोणीस दिव्यांचं ठरवा.