भाटघरचे दरवाजे आणि जॅकपॉटचा आकडा

अध्यक्षमहाराज आणि भोर-वेल्ह्याच्या श्रोतेहो (वेल्ह्याला आता राजगड म्हणायचं, पण जिभेची सवय जात नाही),

विषय जॅकपॉट म्हटल्यावर मघाशी दारातच मला विचारलं गेलं, "नंबर देणार का?" नंबर नाही, पाणी कुठून येतं ते सांगतो.

कॅसिनो आपल्या राज्यात नाहीत. १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना वाट मिळाली, पुढे मांडवीत जहाजं उभी राहिली. आपली पोरं सहलीला जातात, मशिनवरचा चढता आकडा बघतात आणि त्यांना वाटतं, मालकानं बक्षीस लावलंय.

मालकाचं त्यात फार थोडं. प्रत्येक डावातला लहानसा हिस्सा बाजूला पडतो, तोच साठतो. सुरुवातीची रक्कम म्हणजे धरणातला मृतसाठा समजा. जॅकपॉट लागला की आकडा पुन्हा तिथंच येऊन बसतो.

एकट्या मशिनचा जॅकपॉट ही आपापल्या शेतातली विहीर, बेताची. पण नीरा देवघर, भाटघर, गुंजवणी, तिन्हींचं सोडलेलं पाणी खाली वीरला जातं ना? तशी एका कॅसिनोतली रांगच्या रांग एकाच मीटरला जोडतात. त्याहून मोठं जाळं गावोगावच्या कॅसिनोंचं. अमेरिकेत नेवाडा राज्यातलं मेगाबक्स १९८६ पासून असं चालतं. २००३ मध्ये लास वेगासच्या एक्सकॅलिबरमध्ये त्यावर सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलर लागले.

सगळ्यांत लबाड मला पुढचा प्रकार वाटतो. अमुक रकमेच्या आत फुटणारच, असं मशिनवर लिहिलेलंच असतं. भाटघर भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, तसंच हे. फक्त भाटघरची पातळी सगळ्यांना ठाऊक असते, मशिनची आतल्या आत आधीच निवडलेली. आपल्याला दिसते ती वरची मर्यादा. तिच्याजवळ आकडा आला की शक्यता खरोखर वाढते, म्हणून गर्दीही होते.

बाकीच्या प्रकारांत मात्र प्रत्येक डाव कोरा. मशिनला मागचं काही आठवत नाही. "भरत आलंय, आता सुटेल" हे नदीकाठचं शहाणपण तिथं चालत नाही, आणि नेमकं त्याच शहाणपणावर माणसं रात्र काढतात.

एक हिशेब करू. डाव १० रुपयांचा, जॅकपॉटला १ टक्का, म्हणजे १० पैसे. मीटर १ लाखानं चढायला १० लाख डाव लागले, म्हणजे १ कोटी रुपयांची खेळी! त्यातलं बरंचसं लहान बक्षिसांतून परत येतं, उरलेलं मालकाचं. जॅकपॉटचा हिस्सा कुठून तरी काढायचा, म्हणून लहान बक्षिसांत सहसा हात आखडता.

आणखी एक बारीक अट. काही मशिनांवर सर्वांत मोठा डाव लावणाऱ्यालाच जॅकपॉट लागू शकतो. दोन-पाच रुपयेवाल्याचा हिस्सा मीटरमध्ये पडतो, पण कितीही वेळ बसला तरी जॅकपॉट त्याच्या वाट्याला येत नाही. धरणं आपल्या उशाशी आणि कालवे बारामती-फलटणला, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही अट दोनदा समजावून सांगावी लागणार नाही.