दार उघडणारी बाई

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला दिलेला विषय आहे ‘कथा-सिनेमातली स्त्री’. या विषयावर आपण पुष्कळ बोललो आहोत. सोशिक सून, कारस्थानी सासू, त्यागी आई, ही यादी इथल्या प्रत्येकीला पाठ आहे. म्हणून आज जरा उलटीकडून सुरुवात करते. काय दाखवतात ते बाजूला ठेवू. काय दाखवावं असं बायांना वाटतं? मागच्या पावसाळ्यात हा प्रश्न मी आमच्या वस्तीतल्या बचत गटात सहज विचारला आणि त्या दिवशी हप्त्यांचा हिशेब तसाच राहिला.

एकीला हवी होती भावाला तोंडावर चार शब्द सुनावणारी नणंद. दुसरीला कोर्टात सुनेच्या बाजूने साक्ष देणारी सासू. एक काकू म्हणाल्या, “पन्नाशीची बाई स्कूटर शिकते असं दाखवा. पण तिला अपघात होऊ देऊ नका हं.” सगळ्या हसल्या. पण बघा, बाईने मनासारखं काही केलं की गोष्टीत तिला शिक्षा ठरलेली असते, हे काकूंनी बरोबर ओळखलं होतं. समीक्षेच्या पुस्तकात याला दहा पानं लागतात.

मग एक तरुण मुलगी बोलली. ती धुणीभांडी करते. “ताई, सिरियलमध्ये नेहमी बाईच बॅग भरते. एकदा तरी त्याने भरावी.”

मी तिला सांगितलं की कायद्यात हे आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. शिवाय नवऱ्याने घराबाहेर राहावं असा आदेशही न्यायालय देऊ शकतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “मग हे कुणी दाखवत का नाही?”

मैत्रिणींनो, आपण कायद्याची पत्रकं वाटतो, पथनाट्यं करतो. तरीही बाईच्या डोळ्यांसमोर पिशवी घेऊन पायऱ्या उतरणारी बाईच येते, कारण तिने तेच हजार वेळा पाहिलेलं असतं. जे कधी पाहिलंच नाही ते मागायचं कसं?

सगळ्यात शेवटी मासे विकणाऱ्या एक मावशी बोलल्या. इतका वेळ त्या गप्प होत्या. म्हणाल्या, “रात्री बाई दार वाजवते. आतली बाई दार उघडते. काय झालं, कुणाची चूक, काही विचारत नाही. चहा टाकते. एवढंच दाखवा.”

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. त्या खोलीतल्या निम्म्या बायांनी कधी ना कधी दार वाजवलेलं होतं.

त्या रात्री मी घरी येऊन आठवू लागले, असं दार उघडणारी बाई आपल्याकडे आहे कुठे? बाहेर पडणाऱ्या बाया आठवल्या. ‘उंबरठा’ (१९८२) तर मी समाजकार्याच्या पदवीला असताना पाहिला, आणि आमच्या वर्गातली प्रत्येक मुलगी स्वतःला सुलभा महाजन समजत होती. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा हा चित्रपट. सुधारगृहाची अधीक्षक झालेली सुलभा घरी परतते, तेव्हा तिच्यासाठी त्या घरात जागा उरलेली नसते. ती पुन्हा निघते. तेव्हा मला तिच्या निघण्याचा अभिमान वाटला होता. आता केंद्रात इतकी वर्षं काम केल्यावर वेगळाच प्रश्न पडतो. ती गाडीतून उतरली असेल तेव्हा कुणाकडे गेली असेल?

त्याच वर्षीच्या ‘अर्थ’मध्ये याचं थोडं उत्तर मिळतं. पूजा परत आलेल्या नवऱ्याला नाकारते, नव्याने लग्न करू पाहणाऱ्या मित्रालाही नाकारते आणि आपल्या कामवाल्या बाईच्या मुलीला सांभाळायला घेते. जिला स्वतःला होस्टेलमध्ये खोली शोधावी लागली, तीच दुसरीसाठी दार उघडते. ‘चारचौघी’ या नाटकात (१९९१) विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला वाटतं, तिच्या आवाजाला ते बळ येतं कारण ती बोलते ते घर तिच्या आईचं आहे.

आणि ‘मिर्च मसाला’ (१९८७). सुभेदारापासून पळालेली सोनबाई मसाल्याच्या कारखान्यात शिरते आणि म्हातारा चौकीदार अबू मियाँ मोठा दरवाजा लावून घेतो. लक्षात घ्या, आतल्या सगळ्या बाया तिच्या बाजूने नसतात. ‘हिच्यापायी आम्ही का मरायचं, हिला बाहेर काढा’ असंही त्यांच्यातल्या काहींना वाटतं. मला हा चित्रपट त्यासाठीच खरा वाटतो. बाई बाई म्हणून आपोआप एक होत नाही. भीती असते, जात असते, पोटाचा प्रश्न असतो. दार उघडणारीलाही किंमत मोजावी लागते.

ही किंमत आपल्या गोष्टींनीच वाढवून ठेवली आहे. मालिकांमध्ये सुनेला आसरा देणारी शेजारीण कशी असते? कान भरणारी, घर फोडणारी. आमच्याकडे एखाद्या बाईसोबत शेजारीण आली की सासरची माणसं पहिलं बोट तिच्याकडेच दाखवतात, “हिनेच फूस लावली.” आणि पोलीस चौकीतही ते पटतं, कारण ही गोष्ट तिथल्या हवालदारानेही पाहिलेली असते.

आता जे सांगणार आहे ते मला सोपं जाणार नाही.

इब्सेनची नोरा आपल्याला माहीत आहे. १८७९ सालच्या त्या नाटकाच्या शेवटी ती घराचा दरवाजा बंद करून निघून जाते. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. झोपलेल्या मुलांकडे पाहून नोरा थांबते, असा. नोराचं काम करणाऱ्या नटीला तिचं मुलांना सोडून जाणं मान्य नव्हतं. ही हकिगत मी प्रशिक्षणवर्गात रंगवून सांगायची. एक दिवस लक्षात आलं, तो दुसरा शेवट मीही लिहिलेला आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई आमच्या केंद्रात आली. नवऱ्याची मारहाण, दोन लहान मुलं. तीन बैठका झाल्या. नवऱ्याने हमीपत्र लिहून दिलं, मुलांना जवळ घेऊन रडला. मी फाईलवर लिहिलं, ‘समेट. केस बंद.’ त्या वर्षीच्या अहवालात यशोगाथा हव्या होत्या. मी तिची लिहिली. नाव बदललं, फोटो पाठमोरा घेतला, मथळा दिला ‘संसार पुन्हा फुलला’. अहवालाची एक प्रत मीच हौसेने तिला नेऊन दिली.

आठ महिन्यांनी ती परत आली ती हात मोडून. मी विचारलं, “अगं, आधी का नाही आलीस?”

ती म्हणाली, “ताई, तुम्ही माझी गोष्ट छापली होती ना. परत आले असते तर तुमची गोष्ट खोटी पडली असती.”

मैत्रिणींनो, माझ्याकडे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आहे. या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते मला त्यात शिकवलेलं नव्हतं.

मग मी विचारलं, रात्र कुठे काढलीस? तर चाळीच्या टोकाला राहणाऱ्या एका एकट्या आजींकडे. तिथे ती त्या आठ महिन्यांत चार वेळा गेली होती. आजींनी दर वेळी दार उघडलं, मुलांना भात घातला, स्वतः दाराशी आडव्या झोपल्या. नवरा बाहेरून शिव्या देत होता, तर म्हणाल्या, “मला ऐकू येत नाही रे बाबा.” आजींना उत्तम ऐकू येत होतं.

मी फाईल काढून पाहिली. आमच्या छापील फॉर्ममध्ये नवऱ्याला रकाना होता, सासू-सासऱ्यांना होता, माहेरच्यांना होता. आजींना कुठेच रकाना नव्हता. ज्या माणसामुळे ती जिवंत राहिली, त्या माणसाची आमच्या कागदावर नोंदच नव्हती. लेखक-दिग्दर्शकांना दोष देणं सोपं आहे. आपल्या अहवालांतही गोष्टीच असतात. त्यांचा शेवट आपण ठरवतो आणि बाया त्या शेवटाला जागायचा प्रयत्न करतात.

समेट कधीच होऊ नये असं माझं म्हणणं नाही. काही संसार खरंच सावरतात, तेही मी पाहिलेत. पण समेट हा गोष्टीचा शेवट नसतो. आता आमच्या केंद्रात ‘केस बंद’ लिहीत नाही. ‘दार उघडं’ असा शेरा लिहितो आणि बाईलाही तेच सांगतो, की तू परत आलीस तर त्यात तुझी हार नाही. फॉर्ममध्ये एक ओळ हाताने वाढवली आहे, ‘रात्री दार वाजवलं तर कोण उघडेल?’ ही ओळ लिहिताना बाया थांबतात, विचार करतात. काहींना नाव चटकन सुचतं. काहींना सुचतच नाही. ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी काम तिथूनच सुरू करायचं असतं.

जाताना एक मागणं आहे. आपण सगळ्या जणी आपापल्या वस्तीत, गावात अशा दार उघडणाऱ्या बाया शोधू या. बायाच कशाला, अबू मियाँसारखे पुरुषही असतील. त्यांची गोष्ट लिहू या. नावं-पत्ते नकोत, त्यांना त्रास होईल. पण चहा टाकला हे लिहू या, दाराशी आडवी झोपली हे लिहू या. पथनाट्यात नवऱ्याचा मार पाच मिनिटं दाखवतो ना, त्यातली दोन मिनिटं शेजारणीला देऊ या.

त्या हात मोडलेल्या बाईचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज केला, तारखा पडल्या, बराच वेळ गेला. पण शेवटी बॅग त्याने भरली. ती त्याच खोलीत मुलांसह राहते. आजी आता थकल्या आहेत. संध्याकाळी त्यांचा डबा ती नेऊन देते.

हे मी अहवालात छापलेलं नाही. आज तिला विचारून तुम्हाला सांगितलं. ती म्हणाली, “सांगा ताई. पण शेवट झाला असं म्हणू नका.”