वेगमर्यादेपलीकडे सुरक्षितता आहे काय?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात अभ्यास, शिस्त आणि शिष्यवृत्ती यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज जरा निराळा विषय घेत आहे. दहावीच्या एका विद्यार्थ्याने वादविवादाच्या तासाला प्रश्न टाकला, "सर, गाडी नवी, रस्ता चौपदरी, चालवणारा तरबेज. मग पाटीवर 80 लिहिले असताना 110 ने गेले तर बिघडले कुठे?" वर्ग हसला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "नको म्हटले ना, मग नको" एवढ्या उत्तराने या वयाच्या मुलांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून आधी त्याचीच बाजू प्रामाणिकपणे मांडतो.

वेगमर्यादा माणसांनी ठरवलेली असते, आणि माणसे ती बदलतातही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना पूर्वी 80 ची मर्यादा होती, ती पुढे 100 झाली. म्हणजे 81 वर मृत्यू आणि 79 वर अभय, असे काही नाही. जर्मनीतील ऑटोबान या महामार्गांच्या बऱ्याच भागावर मोटारींना सक्तीची मर्यादाच नाही. ताशी 130 चा केवळ सल्ला आहे, आणि तो 1978 पासून आहे. शिवाय 1964 साली अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांनी महामार्गांवरील अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाहतुकीच्या सरासरी वेगाच्या आसपास जाणाऱ्यांना अपघात कमी होतात, फार हळू किंवा फार जोरात जाणाऱ्यांना अधिक, असे त्यांना आढळले. वेगाची बाजू घेणारे हा दाखला आवडीने देतात.

आता दुसरी बाजू पाहू. सॉलोमन यांच्या अभ्यासाचा अर्थ नीट लावला तर तो आपल्या विद्यार्थ्याच्या विरुद्धच जातो. सगळे 80 ने चालले असता जो 110 ने जातो, तोच सरासरीपासून दूर गेलेला असतो. जर्मनीच्या त्या रस्त्यावर ताशी 60 पेक्षा अधिक वेगाने जाऊ न शकणाऱ्या वाहनाला प्रवेशच नाही. तेथे पादचारी नाहीत, सायकली नाहीत, चौक नाहीत. एवढे असूनही 130 च्या वर असताना अपघात झाला, तर न्यायालय काही जबाबदारी त्या चालकावर टाकू शकते.

आणि आपला रस्ता? गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा या मार्गाने जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग डोळ्यांपुढे आणा. त्यावर 100 ने जाणारी मोटार आहे, 60 ने जाणारी मोटारसायकल आहे, त्याहून कितीतरी हळू ओढत नेलेला ट्रॅक्टर आहे आणि दुभाजकाच्या फटीतून पलीकडच्या शेतात निघालेली बाई आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत संसार, त्यावर लेकरेबाळे. आणि पुष्कळदा मागे दिवा तर नाहीच, चमकणारी पट्टीसुद्धा नाही. हे कुणी परके नव्हेत. या सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या गावचे, शेजारचे लोक आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, थोडे गणित करू. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात 80 च्या वेगाची गाडी 22 मीटर पुढे जाते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर ती आणखी सुमारे 35 मीटरवर थांबते. एकूण 57 मीटर झाले. आता 100 च्या वेगाचे पाहा. पहिल्या सेकंदात 28 मीटर आणि ब्रेक लागल्यावर 55 मीटर, एकूण 83. वेग सव्वापट झाला, पण ब्रेकचे अंतर दीडपटीहून अधिक वाढले. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नववीच्या विज्ञानातले हे सूत्र परीक्षेपुरते नाही.

याच हिशेबातला पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. दोन गाड्या बरोबरीने चालल्या आहेत, एक 80 ने, दुसरी 100 ने. 57 मीटरवर ट्रॉली दिसली आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. पहिली गाडी ट्रॉलीला टेकता टेकता थांबेल. दुसरी त्याच जागी पोहोचेल तेव्हा तिचा वेग अजून ताशी 68 च्या घरात असेल. वेगातला फरक 20 चा होता, धडक मात्र 68 ची बसली! रात्री तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. डिपरच्या उजेडात जेमतेम 40-50 मीटर रस्ता नीट दिसतो, आणि 100 च्या गाडीला थांबायला 83 मीटर लागतात. म्हणजे तो चालक न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. त्याचे कौशल्य कितीही मोठे असो, जे दिसलेच नाही त्याला ते काय करणार?

बरे, एवढे करून मिळते काय? गावापासून तालुक्याचे ठिकाण 20 किलोमीटरवर आहे असे धरा. 40 ने गेल्यास 30 मिनिटे लागतात, 60 ने 20, 80 ने 15, 100 ने 12 आणि 120 ने 10. पहिल्या वाढीत 10 मिनिटे वाचली, नंतर 5, मग 3, शेवटी अवघी 2. नफा घटत जातो आणि धोका वाढत जातो. असा व्यापार आपल्यातला कोणता दुकानदार करील?

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, वाहतुकीचा सरासरी वेग 1 टक्का वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे 4 टक्के वाढतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, आणि त्यांतील सुमारे 71 टक्के मृत्यूंपुढे अतिवेगाची नोंद आहे. पंचनाम्यात "अतिवेग" हे कारण लिहिणे सोपे असते, म्हणून या आकड्यातून काही वजावट केली तरी उरलेला आकडा लहान होत नाही.

बीडकरांना हे आकड्यांतून शिकण्याची गरजही पडू नये. 3 जून 2014 रोजी पहाटे दिल्लीत विमानतळाकडे निघालेले केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे अपघातात गेले. सत्कारासाठी आपल्या जिल्ह्यात येणारा माणूस आलाच नाही. त्यांच्या गाडीला चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली होती. म्हणजे रस्त्यावर आपला जीव इतरांच्याही हाती असतो. 14 ऑगस्ट 2022 रोजी बीडहून रात्रभर प्रवास करून मुंबईच्या बैठकीला निघालेले विनायक मेटे पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ गेले. त्यांची गाडी अवजड वाहनाला धडकली होती. दोष कोणाचा व किती, हे ठरवणे आपले काम नाही. परंतु लांबचा पल्ला, रात्रीची वेळ आणि सकाळी गाठायची बैठक, हे तिन्ही एकत्र आले की काय होऊ शकते, हे आपण सर्वांनी पाहिले. बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर आजारी माणूस असो, नोकरीची मुलाखत असो की लग्नाची वरात, बीडकराला रस्त्यावाचून गत्यंतर नव्हते. आजही बहुतेकांना नाहीच.

पालक बंधू-भगिनींनो, आता दोन शब्द आपल्यासाठी. एक पालक मला अभिमानाने म्हणाले, "सर, आमचा पोरगा अजून सोळाचा नाही, पण गाडी काय हाणतो!" त्यांचे कौतुक मी समजू शकतो. परंतु 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. 19 मे 2024 रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात 17 वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ज्या दोन घरांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली असतील, त्या घरांचा विचार करा. त्या मुलांच्या पदव्या आज भिंतीवर आहेत. आपणही मुलांना शिकवत आहोत ते कशासाठी?

मग त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर काय? बंदिस्त मैदानावर, रिकाम्या मार्गावर, शिकलेल्या हाताने, स्वतःचाच जीव पणाला लावून कोणी जोरात गेला तर त्याचे चालून जाईलही. आपल्या रस्त्यावर मात्र मर्यादेच्या कितीतरी वर जाणारा माणूस सुरक्षित असतो तो फक्त दुसरा कोणी चुकत नाही तोवर. नव्याण्णव वेळा तो सुखरूप घरी येतो आणि त्या नव्याण्णव खेपांनी त्याचा गैरसमज पक्का होतो. पाटीवरचा आकडाही आंधळेपणाने पाळायचा नाही. पाऊस, धुके, रात्र, ऊस हंगाम, बाजारचा दिवस असेल तर 80 च्या पाटीखाली 50 सुद्धा जास्त ठरतील.

शेवटी तीन कामे सांगतो. दहावी पास झाल्याचे बक्षीस म्हणून मोटारसायकलची चावी देऊ नका. अठरा वर्षे, परवाना आणि हेल्मेट या तिन्ही गोष्टी झाल्यावरच द्या. विद्यार्थी मित्रांनो, घरून दहा मिनिटे आधी निघा; ती दहा मिनिटे रस्त्यावर मिळवता येत नाहीत, हे आताच्या गणितात तुम्ही पाहिले. आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, त्यांनी येत्या हंगामाआधी मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. तिची किंमत एका जेवणाएवढी आहे.