पोट न फाडतां पोटांत पाहणें



आपल्या पोटाच्या वरच्या भागांत तीन अवयव एकमेकांचे शेजारी होऊन राहतात. त्यांत सर्वांत मोठें यकृत. प्रौढ माणसाचें यकृत सुमारें दीड किलोग्रॅम वजनाचें असून तें उजव्या बरगड्यांच्या आडोशाला असतें. त्याच्या खालच्या अंगाला चिकटून पित्ताची लहानशी पिशवी, म्हणजे पित्ताशय, असतें. तिसरें स्वादुपिंड, तें जठराच्या पाठीमागें, कण्याच्या पुढें, आडवें पसरलेलें असतें. यकृतांत पित्त तयार होतें, पित्ताशयांत तें सांठून दाट होतें व जेवणानंतर नळीवाटे लहान आंतड्यांत उतरतें. स्वादुपिंडाचा पाचकरसही बहुतेक माणसांत त्याच द्वारानें आंतड्यांत येतो. तीन बिऱ्हाडें आणि दार एक, असा हा वाडा आहे. दाराशीं एखादा खडा अडकला कीं तिन्ही बिऱ्हाडांत हाहाकार उडतो.

मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत मुलें शिकविलेला मास्तर आहें. औषधें सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु या बंद वाड्यांत काय चाललें आहे हें बाहेरून ओळखण्याची विद्या मनुष्यानें कशी मिळविली, आणि ती हाताशीं असतां आपण तिचा उपयोग करण्यास उशीर कां लावतों, या दोन गोष्टींविषयीं मला आज बोलावयाचें आहे.

बाजारांत आपण कलिंगड घेतों तें टिचकी मारून. व्हिएन्ना येथील डॉक्टर औएनब्रुगर यानें १७६१ सालीं छातीवर बोटांनीं ठोकून आंतील स्थिति ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवीत, आणि पीप ठोकून त्यांतील दारूची पातळी ओळखण्याची युक्ति त्यानें तेथेंच पाहिली असें सांगतात. आजही डॉक्टर यकृत वाढलें आहे कीं काय हें प्रथम बोटांनींच अजमावतात.

१८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील राँटगेन यास क्ष-किरण सांपडले आणि हाडें दिसूं लागलीं. पण हे तीन अवयव मात्र पडद्याआडच राहिले. कारण यकृत, पित्त व भोंवतालचें मांस यांची घनता जवळजवळ सारखी. छायाचित्रांत सगळें करडें. पित्ताचे खडेही दहांपैकीं एखाददुसऱ्यांतच पुरेसा चुना असतो. बाकीचे क्ष-किरणांना दाद देत नाहींत.

या अडचणींतून वाट काढली ती अमेरिकेंतील सेंट लुई येथील ग्रॅहॅम व कोल या दोन शस्त्रवैद्यांनीं, १९२४ सालीं. यकृत कांहीं विशिष्ट द्रव्यें रक्तांतून वेंचून पित्तावाटे बाहेर टाकतें, हें पूर्वींच ठाऊक होतें. अशा द्रव्याला क्ष-किरण अडविणारा जड पदार्थ जोडला, तर तो पित्ताशयांत सांठून त्याची सावली पडावी, असा त्यांचा तर्क. कुत्र्यांवरील कित्येक प्रयोग फसले. एके दिवशीं मात्र एका कुत्र्याचें पित्ताशय स्वच्छ दिसलें. शोध घेतां कळलें कीं, त्या कुत्र्याला त्या सकाळीं खाणें द्यावयाचें राहून गेलें होतें! अन्न, विशेषतः स्निग्ध अन्न, पोटांत पडलें कीं पित्ताशय आकुंचन पावून आपला सांठा ओततें. मग सावली कशाची पडणार? ती तपासणी आतां मागें पडली. पण सोनोग्राफीला उपाशीं पोटीं यावें असें आपणांस सांगतात, त्यामागील एक मोठें कारण हेंच आहे. भरलेली पिशवी दिसते, रिकामी चुरगळलेली दिसत नाहीं.

सोनोग्राफींत किरण नाहींत. आहे तो केवळ आवाज. आपल्या कानाला सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं येतो. हें यंत्र सेकंदाला वीस ते पन्नास लक्ष कंपनांचा नाद पोटांत सोडतें व त्याचे प्रतिध्वनि टिपतें. शरीरांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५४० मीटर वेगानें धांवतो. तेव्हां प्रतिध्वनि किती वेळानें परतला यावरून तो किती खोलीवरून आला याचें गणित बसतें. ग्लासगो येथील डॉक्टर इयन डोनाल्ड यांनीं पोटांतील गांठींवर या रीतीनें केलेलें काम १९५८ सालीं प्रसिद्ध झालें. पित्त हें द्रव असल्यामुळें त्यांतून प्रतिध्वनि येत नाहीं. तें काळें दिसतें. खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागें काळी सावली पडते. मात्र आंतड्यांतील वायु ध्वनीची वाट अडवितो. म्हणून त्याच्या आड दडलेलें स्वादुपिंड पुष्कळदां नीट दिसत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय घेतला, तिच्याकडे वळतों. ती म्हणजे कावीळ. डोळे पिवळे झाले कीं आपल्याकडे अजून शिकलेल्या घरांतूनही प्रथम माळेची आठवण होते. कोणी नाकांत रस पिळतो, कोणी चुन्याच्या पाण्यांत हात धुवून पिवळेपणा उतरवितो. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, असें म्हणतात. वस्तुतः माळेंतील ओल्या काड्या सुकून आंखडतात, दोऱ्याच्या गांठी सैल होतात, आणि माळ लांबते. दूषित पाण्यानें होणारी यकृतदाहाची कावीळ बहुतेकांना कांहीं आठवड्यांत आपोआप बरी होते. त्याचें श्रेय माळेला मिळतें.

पण दुसरी एक कावीळ आहे. ती यकृताच्या दाहानें नव्हे, तर नळी अडल्यानें होते. अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते आणि शौचाचा रंग पांढुरका पडतो. अडथळा खड्याचा असेल, किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशीं वाढणाऱ्या कर्करोगाचा असेल. उतारवयांत, पोटांत न दुखतां, दिवसेंदिवस वाढणारी कावीळ ही विशेष संशयास्पद. पित्ताची मुख्य नळी सामान्यतः सहा मिलिमीटरांच्या आंत असते. ती फुगली आहे कीं नाहीं, हें सोनोग्राफी कांहीं मिनिटांत सांगते. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ तीन आठवडे माळ घालून बसले होते. थंडी वाजून ताप भरला, तेव्हां मुलीनें त्यांना इस्पितळांत नेलें. नळींत खडा होता. दुर्बिणीनें तो काढला आणि ते वांचले. खड्याच्या जागीं कर्करोग असता, तर ते तीन आठवडे कोणाला परत देतां आले असते?

याहून खोल पाहण्याचीं साधनेंही आतां आहेत. हौन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें १९७१ च्या १ ऑक्टोबरला लंडन येथें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र घेतलें. पुढें तें पोटासही लागू झालें. यकृताला सुमारें तीन-चतुर्थांश रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या शिरेंतून मिळतें; यकृतांत उद्भवणारा कर्करोग मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतो. म्हणून शिरेंत औषध टोंचून लागोपाठ चित्रें घेतलीं, तर अशी गांठ आधीं उजळते आणि मग भोंवतालच्या यकृतापेक्षां फिकी पडते. चोराची चाल ओळखावी तसें हें. एम. आर. आय. यंत्राच्या एका रीतीनें तर स्थिर द्रव तेवढा पांढरा उमटतो आणि पित्तनळ्यांचें जाळें औषध न टोंचतांही दिसतें. दुर्बिणीच्या टोंकाशीं सोनोग्राफी बसवून जठराच्या आंतूनच स्वादुपिंड न्याहाळतां येतें. २००३ च्या सुमारास फ्रान्समधून आलेलें एक यंत्र हलकासा धक्का देऊन यकृताचा कठीणपणा मोजतें; कठीण यकृतांतून कंप जलद धांवतो.

परंतु चित्र म्हणजे निकाल नव्हे. पुष्कळांच्या पित्ताशयांत खडे असतात आणि जन्मभर त्रास देत नाहींत. असे मुके खडे केवळ चित्रांत दिसले म्हणून बहुधा कापाकापी करावी लागत नाहीं. उलट, यकृतांत चरबी आहे असा शेरा आला, तर 'सगळ्यांनाच असतें' म्हणून कागद कपाटांत टाकूं नये. स्थूल माणसानें वजन शेंकडा सात ते दहा उतरविल्यास ती चरबी व तिचा दाह कमी होतो. हें औषध कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं, पण प्रत्येकाच्या ताटांत आणि पायांत आहे.

तेव्हां माझें मागणें एवढेंच. घरांत कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जा. रक्त तपासा, सोनोग्राफी करा. माळ घालावयाचीच असेल, तर तो माणूस बरा होऊन घरीं आल्यावर फुलांची घाला.