हिरवा सरदार: पुस्तकातला आणि पडद्यावरचा

पहिल्या रांगेत बसलेले सर्व सर आणि बाई, आणि मागे अजूनही गोंधळ घालणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय आपल्या आवडीचा, आणि अट एकच: ऑफिसचं काही सांगायचं नाही. सॉफ्टवेअरमधल्या बाईला ऑफिस सोडून काय बोलता येणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते आहे. तर मी आज राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांवर निघालेल्या चित्रपटांबद्दल बोलणार आहे. मुलगी पाच वर्षांची असताना तिला डिस्नेचा १९६३चा ‘द स्वोर्ड इन द स्टोन’ लावून दिला आणि शेजारी बसले. तिचं वेड दोन महिन्यांत उतरलं, माझं मात्र टिकलं. मिळतील तेवढे चित्रपट बघितले, मग त्यांच्यामागची पुस्तकं शोधली.

असा कुठलाही चित्रपट आला की एक तक्रार ठरलेली असते: मूळ कथेत असं नव्हतं. पण आर्थरच्या बाबतीत मूळ कथा म्हणायची कोणती? असा राजा होऊन गेला याचाच भक्कम पुरावा नाही. ११३६च्या सुमाराला जेफ्री ऑफ मॉनमथ या धर्मगुरूने ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास लिहिला. त्यात आर्थर दिमाखात येतो, पण त्याचं ते प्रसिद्ध गोल मेज त्यात नाही. ते ११५५मध्ये वेस नावाच्या कवीने फ्रेंचमध्ये आणलं. कॅमलॉट हे नाव आणि राणी ग्विनिव्हिअरचं लॅन्सलॉटशी प्रेम, ही त्यानंतर वीसपंचवीस वर्षांनी फ्रान्सच्याच क्रेतिएँ द त्र्वाने घातलेली भर. दगडात रुतलेली तलवार त्याच्याही नंतरची, १२००च्या आसपासची. पुढे सर टॉमस मॅलरीने कैदेत असताना हे सगळं इंग्रजीत एकत्र बांधलं आणि कॅक्स्टनने १४८५मध्ये छापलं. आता अट मोडून एकच वाक्य ऑफिसचं बोलते: आमच्याकडे ज्याला आवृत्ती म्हणतात, तशा या आवृत्त्या आहेत, आणि पहिली आवृत्ती कुणाकडेच नाही. रामायणाची किती रूपं आहेत हे माहीत असणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं आश्चर्य वाटू नये.

म्हणून चित्रपट मूळ कथेशी इमानी आहे का, हा प्रश्न मी कधीच सोडून दिला. १९५३चा एमजीएमचा ‘नाइट्स ऑफ द राउंड टेबल’ बघताना सगळे नुकतेच इस्त्री करून आल्यासारखे दिसतात. रोबेर ब्रेसाँच्या १९७४च्या ‘लॅन्सलॉट दु लाक’मध्ये लक्षात राहतो तो चिलखतांचा खडखडाट, आतली माणसं थकलेली, जवळजवळ विझलेली. त्याच्या पुढच्याच वर्षी माँटी पायथन मंडळींकडे घोड्यांसाठी पैसे नव्हते, तर त्यांनी नारळाच्या दोन करवंट्या आपटून टापांचा आवाज काढला आणि राजाला पायीच दौडवला. गरिबीतून निघालेला इतका चांगला विनोद मी दुसरा पाहिलेला नाही. आणि जॉन बूरमनच्या १९८१च्या ‘एक्सकॅलिबर’मध्ये सरदार घरात, जेवताना, इतकंच काय पण नको त्या प्रसंगीही चकचकीत चिलखत घालूनच असतात. हसू येतं, तरी डोळे हलत नाहीत.

पण मला खरं बोलायचं आहे ते एकाच कथेबद्दल. गवेन आणि हिरवा सरदार.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या वायव्य भागातल्या बोलीत कुणीतरी अडीच हजार ओळींचं हे काव्य लिहिलं. कवीचं नाव माहीत नाही. हस्तलिखित एकच उरलं आहे. ते ज्या संग्रहात होतं त्याला १७३१मध्ये आग लागली, त्यातून हे वाचलं. छापलं गेलं ते थेट १८३९मध्ये. पुढे १९२५मध्ये त्याची जाणकार आवृत्ती काढणाऱ्या दोघांपैकी एक होता टॉल्किन, तोच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला.

गोष्ट अशी. कॅमलॉटमध्ये नववर्षाची मेजवानी चालू आहे. दारातून घोड्यावर बसूनच एक धिप्पाड सरदार आत येतो. अंग हिरवं, केस हिरवे, घोडासुद्धा हिरवा. एका हातात हॉलीची डहाळी, दुसऱ्यात कुऱ्हाड. म्हणतो, खेळ खेळू या: आत्ता माझ्यावर एक घाव घाला, एक वर्ष आणि एक दिवसाने मी तो परत करीन. आर्थरचा भाचा गवेन पुढे होतो आणि एका घावात त्याचं मुंडकं उडवतो. हिरवा सरदार शांतपणे आपलं मुंडकं उचलतो, ते बोलतं, हिरव्या मंदिरात भेट असं बजावतं, आणि तो निघून जातो.

वर्ष सरत येतं. शब्द दिला आहे म्हणून गवेन कडाक्याच्या थंडीत निघतो आणि नाताळच्या आदल्या दिवशी एका गढीवर पोचतो. यजमान मोकळ्या मनाचा. तोही एक खेळ सुचवतो: मी रोज शिकारीला जाईन, जे मिळेल ते तुमचं, तुम्हाला दिवसभरात इथे जे मिळेल ते माझं. तीन दिवस यजमान हरणं, रानडुक्कर आणि कोल्हा मारून आणतो. तीन दिवस यजमानीणबाई गवेनच्या खोलीत येतात. गवेन सभ्यपणा सांभाळून त्यांना टाळतो. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन चुंबनं मिळतात, ती तो संध्याकाळी इमानदारीने यजमानाला परत करतो. (हसा, काव्यातही सगळे हसतच असतात.) पण तिसऱ्या दिवशी बाई त्याला एक हिरवा रेशमी पट्टा देतात. तो कमरेला बांधला की माणूस मरत नाही. हा पट्टा गवेन लपवतो.

मग हिरवं मंदिर. पहिल्या घावाला गवेन अंग चोरतो. दुसरा घाव सरदार मुद्दाम अर्ध्यात थांबवतो. तिसऱ्याला मानेवर नुसता ओरखडा उठतो. मग कळतं की हा सरदार म्हणजेच तो यजमान. दोन दिवस इमान राखलं म्हणून दोन घाव रिकामे, तिसऱ्या दिवशी पट्टा लपवला म्हणून ओरखडा.

ही बांधणी मला विलक्षण वाटते. गवेनला वाटतंय परीक्षा हिरव्या मंदिरात आहे. ती तर गढीवरच्या उबदार खोलीत होऊन गेली. आपण प्रयोगशाळेच्या दारात वही पाठ करत उभं राहावं आणि मार्क मात्र सकाळी शिपाईकाकांशी कसं बोललो त्यावर पडलेले असावेत, तसं हे आहे.

ब्रिटिश दिग्दर्शक स्टीफन वीक्सने ही कथा दोनदा पडद्यावर आणली, १९७३मध्ये आणि पुन्हा १९८४मध्ये. दुसऱ्या वेळी हिरव्या सरदाराच्या भूमिकेत खुद्द शॉन कॉनरी होता. तो पडद्यावर असतो तेवढा वेळ मजा येते. पण तिथे गवेनला वर्षभरात एक कोडं सोडवायला सांगितलं आहे, जोडीला दुसऱ्याच सरदाराच्या कथेतले तुकडे, एक राजकन्या आणि भरपूर मारामाऱ्या. दोन खेळांमधला तो गुप्त धागाच सुटला की उरते एक साहसकथा, आणि तशा हजार आहेत.

डेव्हिड लोवरीचा ‘द ग्रीन नाइट’ मे २०२०मध्ये यायचा होता. कोविडमुळे तो जुलै २०२१मध्ये आला. जवळजवळ एक वर्ष आणि एक दिवसच म्हणायचा. यात गवेन झाला आहे लंडनच्या गुजराती घरातला देव पटेल, आणि त्याची आई सरिता चौधरी, ‘मिसिसिपी मसाला’मधली. सावळा माणूस आर्थरच्या दरबारात कसा, असा प्रश्न पडलाच तर मॅलरी काढून बघावा: गोल मेजाशी बसणारा पॅलोमिडीझ हा सरदार अरबांच्या मुलखातला आहे, आणि त्याला पाचशेहून जास्त वर्षं झाली.

लोवरीने बरंच बदललं. त्याचा गवेन अजून सरदार झालेलाच नाही. तो दारू पितो, दिवस काढतो, आणि मोठं व्हायचं राहून गेलेलं आहे. हिरव्या सरदाराला मंत्राने बोलावते ती त्याची आईच, आणि पट्टाही पहिल्यांदा तीच बांधते. गढीवरचे प्रसंग आहेत, पण ते मी इथे सांगणार नाही, सर-बाई पहिल्या रांगेत आहेत. मुख्य बदल शेवटी आहे. कुऱ्हाड उगारली जाते, गवेन पळून घरी येतो, राजा होतो, प्रेम केलेल्या मुलीला टाकतो, मुलगा गमावतो, प्रजा उलटते. पंधरावीस मिनिटांत, जवळजवळ शब्दाविना, एक अख्खं आयुष्य सरतं. आणि मग कळतं की तो अजून मंदिरातच गुडघ्यावर आहे. तो पट्टा सोडून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, आता तयार आहे. घाव बसला की नाही, हे दाखवलेलं नाही.

चित्रपट म्हणून हा सगळ्यांत सुंदर आहे यात मला शंका नाही. तरी त्याच्याशी माझं भांडण आहे. इथे सरळ हिशोब होतो: पट्टा ठेवला तर आयुष्यभर भेकड, सोडला तर शूर. काव्यातला गवेन पट्टा न सोडताच मान पुढे करतो. तो पट्ट्यासकट शूर आहे आणि शूर असूनही त्याने तो लपवला आहे. जीव वाचावा म्हणून केलेली लबाडी एवढीच, ओरखड्याएवढी. हिरवा सरदार हसून माफही करतो. माफ करत नाही तो गवेन स्वतः. परत येऊन भर दरबारात तो मान दाखवतो, सगळं सांगतो, शरमेने लाल होतो. आणि दरबार हसतो. हसून ठरवतो की यापुढे आपण सगळ्यांनीच असा हिरवा पट्टा खांद्यावरून तिरका घालायचा.

लोवरीने परतीचा हा प्रसंग घेतला नाही. त्याच्या चित्रपटात तो बसलाही नसता. पण माझ्यासाठी कथा तिथेच पूर्ण होते, कदाचित आपलं वय झालं म्हणून. पंचवीसेक वर्षांनी इथे जमलेल्या आपल्यापैकी कुणाची मान अगदी कोरी आहे?

माझ्या मुलीला हे पटलेलं नाही. ती आता सोळा वर्षांची आहे, आणि तिच्या मते चित्रपटच बरोबर. ती म्हणते, “आई, दरबार प्रेमाने हसतो हे तू ठरवलंस. त्यांना काही कळलंच नाही म्हणून ते हसले. तो बिचारा जीव तोडून सांगतोय आणि हे त्याची फॅशन करतायत.” मी काव्य पुन्हा काढून बघितलं. कवीने हसण्याचं कारण दिलेलं नाही, आणि त्या हसण्यावर गवेनला काय वाटलं तेही नाही. म्हणजे आमचा वाद चालू राहणार.

वाचायचं असेल तर सायमन आर्मिटेजचं २००७चं आधुनिक इंग्रजी भाषांतर घ्या, दोन रात्रींत होतं. चित्रपट मात्र फोनवर बघू नका. मोठा पडदा आणि दिवे बंद. श्रेयनामावली संपेपर्यंत उठायचं नाही. शेवटी एक लहान मुलगी आणि एक मुकुट आहे. बाकी सगळं सांगून टाकलं, तेवढं राहू दे.

घंटा द्यायला शिपाईकाका नाहीत, पण घड्याळ दिसतंय.