‘डॉक्टर करतील फोन’ म्हणजे नेमकं कधी?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय तसा रोजचा आहे. दवाखान्यात फोन केला, पलीकडून ‘डॉक्टर करतील फोन’ असं ऐकलं आणि मग आपण मोबाईल हातात धरून बसलो, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी केलं असणार. मीही खूपदा केलंय. पण गेल्या सप्टेंबरमध्ये या एका वाक्यामुळे आमच्या घरी जे झालं, त्यानंतर मी त्यावर जरा गंभीरपणे विचार केला. तोच आज सांगते.

तर झालं काय, आईला डेंग्यू झाला. ती आणि बाबा गावी असतात, मी पुण्यात. रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी पॉझिटिव्ह आला होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी नाही, भरपूर पाणी, रोज रक्ततपासणी. पाचव्या दिवशी सकाळपासून ताप उतरायला लागला. दुपारपर्यंत अंग एकदम नॉर्मल. बाबांचा फोन आला, आवाजातच आनंद होता. ‘अगं, उतरला बघ ताप!’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पण पोट फार दुखतंय म्हणते. दोनतीनदा उलटी झाली. नुसती पडून आहे.’

मी दवाखान्यात फोन लावला. वेळ संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कॉल लॉगमध्ये अजून आहे तो. रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, ‘सर पेशंट बघतायत. निरोप देते, करतील ते फोन.’ मी म्हटलं, ‘बरं ताई, थँक यू.’ नंबर दिला आणि फोन ठेवला.

आणि थांबले. सात वाजले. सव्वाआठला परत फोन केला, तर ‘हो हो, सांगितलंय सरांना.’ साडेनऊला केला, तर कोणी उचललाच नाही. दवाखाना बंद झाला होता. मी बाबांना म्हटलं, ‘बाबा, तिला दुसरीकडे नेऊया का?’ ते म्हणाले, ‘अगं, डॉक्टरांचा फोन येऊ दे की. उगीच रात्रीचं कुठे हलवायचं तिला? आणि ताप तर उतरलाय.’

अकराच्या सुमारास मी माझ्या एका मैत्रिणीला फोन केला. ती तेव्हा इंटर्नशिप करत होती. तिने मला दोनच प्रश्न विचारले. ‘काकूंना लघवी शेवटची कधी झाली? हातपाय गार लागतायत का?’ बाबांना विचारलं. दुपारनंतर लघवी झाली नव्हती आणि तळवे गार होते. मैत्रीण म्हणाली, ‘वाट बघू नका. आत्ता उचला आणि जिथे रात्री डॉक्टर असतात अशा हॉस्पिटलमध्ये न्या.’ शेजारच्या काकांच्या गाडीतून आईला तालुक्याला नेलं. दोन रात्री आयसीयू, नंतर तीन दिवस वॉर्ड. आई बरी झाली, आता ठणठणीत आहे. पण तिथल्या डॉक्टरांचं एक वाक्य बाबा अजून विसरले नाहीत. ‘चारपाच तास आधी आणायला हवं होतं.’

बरं, आमच्या डॉक्टरांचा फोन आला का? आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला. सगळं ऐकून ते हबकलेच. म्हणाले, ‘बाळा, चिठ्ठी मिळाली होती मला. पण त्यावर तुझं नाव, नंबर आणि “ताप उतरलाय” एवढंच लिहिलेलं. मला वाटलं, बरं वाटतंय हे कळवायला फोन केलास. म्हटलं, सकाळी निवांत बोलू.’

आता इथे डेंग्यूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मलाही तेव्हा माहीत नव्हती. डेंग्यूत खरा धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो आणि पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास नाजूक असतात. पोटात जोराची दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थ होणं, ही त्याची इशारा देणारी लक्षणं. यातलं एकही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. म्हणजे ‘ताप उतरलाय’ हा आमच्या दृष्टीने चांगला निरोप होता आणि प्रत्यक्षात तो घाई करण्याचा निरोप होता.

मी खूप चिडले होते. पण राग ओसरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. त्या संध्याकाळी आम्हाला कोणीही ‘घरीच थांबा’ असं सांगितलं नव्हतं. तरी आम्ही पाच तास थांबलो. कशामुळे? तर ‘डॉक्टर करतील फोन’ या वाक्यामुळे. हे वाक्य ऐकलं की आपण थांबतो. म्हणजे त्याचा परिणाम ‘थांबा’ या वैद्यकीय सल्ल्यासारखाच होतो. फरक एवढाच की तो सल्ला कुठल्याही डॉक्टरने विचार करून दिलेला नसतो. ताईंनी सवयीने म्हटलेलं असतं, आणि आपण तो पाळतो.

समजा त्या दिवशी ताई म्हणाल्या असत्या, ‘सरांना आज जमेल असं वाटत नाही,’ तर मी सव्वासहालाच दुसरा रस्ता शोधला असता. म्हणून माझं म्हणणं असं आहे की फोन किती लवकर यावा हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याच्याही आधी फोन ‘किती वाजेपर्यंत’ येईल आणि ‘नाही आला तर काय करायचं’ हे सांगणं महत्त्वाचं आहे.

आता डॉक्टरांची बाजूही बघूया, नाहीतर हा भाग म्हणजे नुसती तक्रार होईल. आपल्याकडचा बहुतेक दवाखाना म्हणजे एक डॉक्टर, एक कंपाउंडर नाहीतर रिसेप्शनवरच्या ताई, आणि बाहेर बाकावर बसलेली गर्दी. समोरच्या पेशंटला तपासता तपासता फोन घेतला तर त्या पेशंटचं नुकसान. व्हॉट्सअॅप नंबर दिला तर त्यात गुड मॉर्निंगचे फोटो, लग्नाच्या पत्रिका आणि मधूनच एखादा ईसीजी. शिवाय फोनवर दिलेल्या सल्ल्याचे आपल्याकडे पैसे द्यायची सवय नाही. ‘दोन मिनिटांचं तर काम आहे,’ असं आपण म्हणतो. अशी दोन मिनिटं दिवसात तीसजणांची झाली की एक तास गेला.

आणि भीतीही आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. बाळंतपणानंतर एका महिलेचा मृत्यू झाला होता, आणि डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले असा आरोप होता. त्यानंतर ‘फोनवर काही सांगायचंच नाही’ असं अनेक डॉक्टरांनी ठरवून टाकलं.

पुढे २०२० साल आलं. २५ मार्चला, म्हणजे लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. व्हिडिओ, फोन आणि मेसेज या तिन्ही मार्गांनी नोंदणीकृत डॉक्टर सल्ला देऊ शकतात हे त्यात स्पष्ट केलं आहे. त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलं असेल, तर फोनवरचं बोलणं ‘फॉलोअप’ धरलं जातं. डॉक्टर यासाठी फी घेऊ शकतात, पावती द्यायची, नोंद ठेवायची. आणि इमर्जन्सी असेल तर फोनवर उपचार करत बसायचं नाही, प्रथमोपचार सांगून पेशंटला प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवायचं. म्हणजे फोनवर बोलायला नियम आडवा येत नाही. मात्र किती तासांत उलट फोन करायचा, असं बंधन त्यात नाही. ते प्रत्येक दवाखान्याने स्वतःच ठरवायचं आहे.

मग काय ठरवावं? मी डॉक्टर नाही, पण पेशंटच्या घरातली म्हणून माझी मागणी सांगते. फोनचे तीन गट करा.

पहिला गट, ज्यात उलट फोनची वाट बघायचीच नाही. श्वास लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, फिट, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव. अशी एक यादी मराठीत छापून फोनशेजारी चिकटवा. ताईंनी निदान करायचं नाही, फक्त विचारायचं, ‘यातलं काही होतंय का?’ हो म्हटलं की सांगायचं, ‘थांबू नका, हॉस्पिटल गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.’ आणि सरांना तिथल्या तिथे आत जाऊन सांगायचं. डेंग्यूचा सीझन असेल तेव्हा त्या यादीत पोटदुखी आणि उलट्याही लिहा.

दुसरा गट, ज्यांचे उपचार चालू आहेत आणि काहीतरी नवीन झालंय. गोळीने अंगावर पुरळ आलं, टाके घातलेली जागा लाल झाली, मुलाचा ताप हटत नाही. यांना दोन तासांत उत्तर मिळावं, आणि काहीही झालं तरी दवाखाना बंद व्हायच्या आधी. डॉक्टरांनीच बोलायला हवं असं नाही. डॉक्टरांना विचारून ताईंनी सांगितलं तरी चालेल, पण शटर खाली ओढण्याआधी चिठ्ठ्यांची थप्पी एकदा संपलेली हवी.

तिसरा गट म्हणजे रिपोर्ट दाखवायचाय, सर्टिफिकेट हवंय, अपॉइंटमेंट बदलायचीय. याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेळ घ्या. कोणाचं काही बिघडत नाही. फक्त तसं सांगा.

आता आपल्याबद्दल. हे ऐकणारे तुम्ही बहुतेक वीस-पंचविशीतले. घरात कोणी आजारी पडलं की फोन लावायचं काम आपल्याकडेच येतं, हो ना? मग तो फोन नीट करायला शिकूया. त्या दिवशी मी सुरुवात ‘आईचा ताप उतरलाय, पण...’ अशी केली होती. ताईंनी पहिले दोन शब्द लिहून घेतले. चूक फक्त त्यांची नव्हती.

तेव्हापासून मी निरोप असा देते. नाव, वय, आजार, आजारपणाचा कितवा दिवस, आणि सगळ्यात वाईट वाटणारं लक्षण सगळ्यात आधी. ‘आई, वय चोपन्न, डेंग्यूचा पाचवा दिवस, पोटात खूप दुखतंय, तीन उलट्या झाल्या. हॉस्पिटलला न्यायचं का, एवढंच सांगा.’ एका दमात बोलून होतं. मेसेज करायचा तर हेच टाइप करायचं. नुसतं ‘हॅलो सर’ पाठवून निळ्या टिकची वाट बघायची नाही. आणि मेसेज केला म्हणजे डॉक्टरांना कळलं, असं धरून तर अजिबात चालायचं नाही.

मग फोन ठेवायच्या आधी दोन प्रश्न. ‘ताई, साधारण किती वाजेपर्यंत येईल फोन?’ आणि ‘तोपर्यंत नाही आला तर मी काय करू?’ अगदी गोड आवाजात विचारा, पण विचारा. त्या म्हणाल्या ‘आठपर्यंत’, तर मोबाईलमध्ये आठचा अलार्म लावा. आठ वाजले, फोन नाही, की दुसरा रस्ता धरा. दुसरे रस्तेही आधीच शोधून ठेवा. आईबाबा राहतात तिथून रात्री डॉक्टर असणारं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं? तिथे न्यायला गाडी कोणाची? आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ ची अॅम्ब्युलन्स मोफत आहे, तिच्यात डॉक्टरही असतात. तातडीचं नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर मोबाईलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. ही माहिती आजच आईबाबांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

जाता जाता एक सांगते. आई घरी आल्यावर मी आमच्या डॉक्टरांना भेटायला गेले. भांडायचं ठरवून गेले होते, खरं सांगते. त्यांनी ऐकून घेतलं, ‘चुकलंच’ म्हणाले. दिवाळीत परत गेले तेव्हा रिसेप्शनच्या टेबलावर चिठ्ठ्यांच्या जागी एक वही होती. त्यात रकाने आखलेले. नाव, काय त्रास, कितवा दिवस, किती वाजता फोन आला, किती वाजता उलट केला. शेवटचा रकाना लाल पेनाने आखला होता. ताई मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, ‘तो रकाना भरल्याशिवाय सर मला घरी सोडत नाहीत आता.’

तर मंडळी, आज एवढंच. हा भाग ऐकून झाला की आधी घरी एक फोन करा आणि रात्रीचं हॉस्पिटल कुठलं ते ठरवून टाका. तुमचेही असे अनुभव असतील, चांगले आणि वाईट दोन्ही, तर ते जरूर कळवा. दवाखान्याचं नाव नको, काय झालं तेवढं सांगा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!