तळ्याला अति वाढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवी यत्तेपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता, आपल्या सर्वांच्या रोजच्या वाटेवर असलेल्या गावाशेजारच्या पाझर तलावाविषयीच बोलायचे मी ठरवले.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात गावोगाव असे तलाव झाले, त्यांतलाच हा एक. त्या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या आणि सुकडी व मिलो खाऊन दिवस काढले. या सभेत बसलेल्या काही सासूबाईंच्या डोक्यावरची माती त्या बांधात आहे. तेव्हा हा तलाव सरकारचा असला, तरी बायकांच्या कष्टाची ती ठेव आहे.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाणात पाणी राहते ते फक्त भेगांमध्ये. तलाव पावसाचे पाणी अडवून धरतो, ते मुरमातून हळूहळू मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यात आधार देते. तळाशी बारीक गाळाचा थर बसला की हे मुरणे मंदावते. मग तलाव भरलेला दिसतो, पण ते पाणी उन्हाने उडून जाते आणि विहिरीचा तळ उघडा पडतो.

गाळ वरून दिसत नाही, पण पाण्याचा हिरवा रंग आपण सगळ्याच पाहतो. माणूस उपाशी राहिला तर आजारी पडतो. तळे मात्र अति खाऊन आजारी पडते. मोरीचे पाणी, शेणमूत, शेतातून वाहून आलेले खत, निर्माल्य, धुण्याच्या काही पावडरींतले फॉस्फेट हे सारे शेवाळाचे खाद्य आहे. ते मिळाले की शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते, परंतु रात्री स्वतःच तो घेते. मेलेले शेवाळ तळाशी कुजते, त्यालाही प्राणवायू लागतो. म्हणून अशा तळ्यातले मासे मरून वर येतात ते बहुधा पहाटे. गावात विष घातल्याची कुजबुज होते, पण पुष्कळदा कारण एवढेच असते. शिवाय काही जातींचे निळे-हिरवे शेवाळ जनावरांना बाधते. जलपर्णी आली तर तीही याच खाद्यावर पोसते.

मात्र काठावरचे सगळेच गवत उपटून टाकू नये. पाणकणीस वाहत येणारा गाळ अडवते. त्याच्या आडोशाला बेडूक राहतात, पाणकोंबडी घरटे करते. चतुराची पिले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. तळ्याचे हे झाडूवाले आहेत, आणि ते पगार मागत नाहीत!

कोणी म्हणेल, आता नळ आहेत, बोअर आहेत, तळ्याची काळजी कशाला? मला लातूरची आठवण होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि पाणी होते सुमारे पाच लाख लिटर. एवढ्या मोठ्या शहरावर ती वेळ आली. आपल्या गावाला तर रेल्वेचे स्टेशनही नाही.

वडील बायकांना नारू आठवत असेल. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या फोडातून रोग पाण्यात जाई आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढे वर्षाने नारू होई. त्यावर लस नव्हती. लोक पाणी फडक्याने गाळून पिऊ लागले, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. यात घरातल्या बाईच्या हातातले फडके किती कामाला आले, हे आपण विसरू नये.

तसेच एक काम आज आपल्या हातात आहे. आपल्याच नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. उघडी गटारे गेली, डास हटले, आणि पुढे हीच पद्धत 'नांदेड पॅटर्न' म्हणून इतर गावांनी उचलली. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात दगडगोटे आणि मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, एवढेच ते काम. मोरीचे पाणी त्यात जिरते आणि तळ्यात जात नाही. मात्र संडासाचे पाणी त्यात सोडू नये आणि खड्डा पिण्याच्या विहिरीजवळ घेऊ नये.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. तलावाकडे उतार असलेल्या घरांत या उन्हाळ्यातच शोषखड्डे व्हावेत. धुण्याचे दगड काठापासून दूर न्यावेत. निर्माल्य खतखड्ड्यात घालावे आणि प्लॅस्टरची मूर्ती तळ्यात सोडू नये, कारण ती विरघळत नाही. आणि तलाव आटेल तेव्हा गाळ काढून शेतात नेण्याचा ठराव ग्रामसभेत आपण बायकांनीच मांडावा.

कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव आहे. ते राजे गेले, किल्ल्याचे बुरूज ढासळले, तलाव अजून आहे. आपल्या तलावाने तर आत्ताशी पन्नाशी ओलांडली आहे. त्याला अजून पुष्कळ सुना पाहायच्या आहेत.